भुलेचा चार्ट : सांगलीच्या दवाखान्यातल्या प्रकल्प नोंदी

३ जून

सुरुवात कशी झाली ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवायचं नाही. मे महिन्यात एका गावठी कुत्रीची पिशवी काढायचं ऑपरेशन चालू होतं, भूल प्रोपोफॉलची, लागेल तसं शिरेतून थोडं थोडं वाढवत होते, आणि मामा (आमचे कंपाउंडर, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं) मांडीत आतल्या बाजूला बोट ठेवून नाडी सांगत होते, ८८, ८६, परत ८८. एकदम झकास. मी निवांत, गप्पा मारत टाके घालतेय. शेवटचा टाका झाला आणि सहज ओठ उचलून बघितलं तर हिरडी पांढरीफटक, बोटाने दाबून सोडली तर रंग परत यायला तीन सेकंद. सलाईन जोरात सोडलं, ऑक्सिजन लावला, कुत्री उठली पण चांगले दोन तास घेतले तिने. मालकाला काही कळलं नाही, मला मात्र रात्रभर झोप नाही.

नाडी ८८ होती ना सारखी? मग बिघडलं कुठे?

कॉलेजच्या एका सरांना फोन केला, ते एवढंच म्हणाले, "लिहितेस का काही?" नाही लिहीत हो सर, कधी लिहितो आपण, दिवसाला वीस पेशंट, त्यात जनावराच्या मालकाला घाई. तर आता लिहायचं. नियम असा की जे जनावर त्याच्या स्वतःच्या ऑपरेशनला आलंय त्याचीच नोंद घ्यायची, माझ्या वहीसाठी म्हणून कुणाला एक थेंब जास्त द्यायचा नाही, आणि मालकाला आधी सांगून सही घ्यायची. दर तीन मिनिटांनी नाडी, बीपी, हिरडी, श्वास, आणि दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्सेस (शरीर आपोआप देतं त्या प्रतिक्रिया): पापणी, डोळा कुठे फिरलाय, जबडा किती सैल, पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिमटा काढल्यावर पाय ओढतो का. शिरेतून द्यायची तीन औषधं आमच्याकडे चालतात, थायोपेंटोन, केटामिन आणि प्रोपोफॉल. बघू तिघं काय काय करतात.

५ जून

सेकंडहँड बीपी मशीन आलं, कफ फुगवून आपोआप मोजणारं. मामांनी उत्साहाने सगळ्यात मोठा कफ एका पॉमेरेनियनच्या पायाला गुंडाळला आणि वरचं बीपी ७० आलं. कुत्रं टेबलावर उभं राहून भुंकतंय आणि बीपी ७०. मग पुस्तक काढलं. कफची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी, अरुंद घेतला तर बीपी खोटं जास्त दाखवतो, रुंद घेतला तर खोटं कमी. शेजारच्या टेलरकडून जुनी टेप मागून आणली, आता ती दवाखान्यातच राहणार असं दिसतंय. मामा प्रत्येक कुत्र्याच्या पायाचा घेर असा घेतात की जणू सफारी शिवायचीय.

आणखी एक, पाय छातीच्या लेव्हलला पाहिजे. टेबलाखाली लोंबकळत राहिला तर आकडा वाढतो.

वरचा-खालचा आकडा लिहिण्यापेक्षा सरासरी बीपी लिहायचं ठरवलं, कारण किडनीला नि मेंदूला रक्त ढकलणारा दाब तोच. खालच्या आकड्यात दोघांच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की झालं, १२० वर ७५ असेल तर ७५ अधिक १५ म्हणजे ९०. मशीन हे आपोआप दाखवतं पण मामांना हिशोब करून बघायचा होता. ६० च्या खाली गेलं की घंटी वाजवायची असं ठरलंय. म्हणजे मामा ओरडणार.

हे करता करता एक जुनी गोष्ट नव्याने कळली. बोटाला जी नाडी "भरलेली" लागते तो खरं तर वरच्या आणि खालच्या दाबातला फरक असतो. १२० वर ८० असलेल्या कुत्र्यापेक्षा १०० वर ३० असलेल्या कुत्र्याची नाडी बोटाला जास्त ठणठणीत लागेल, आणि दुसऱ्याचं सरासरी बीपी काढलं तर ५३. इतकी वर्षं मी बोटावर विश्वास ठेवत आले.

९ जून

चार्टातला पहिला पेशंट, मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातली काळी कुत्री, १६ किलो, अंगाला हळदीचा वास. झायलाझिन (गुंगी आणणारं औषध) स्नायूत, मग केटामिन शिरेतून. केटामिनसाठी कुलपातलं कपाट, रजिस्टर, सही, कारण लोक त्याची नशा करतात. औषध जुनं आहे तसं, १९६२ साली अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स यांनी बनवलेलं.

झायलाझिन दिल्यावर पाच मिनिटांत उलटी (बरेचदा होते, म्हणून उपाशी आणायला सांगतो, तरी मालक "थोडा पाव घातलाय मॅडम, बिचारी उपाशी कशी ठेवायची"). नाडी ११० वरून ५२. बीपी मात्र आधी वर गेलं, सरासरी ११८. मामा म्हणाले मशीन बिघडलं. बिघडलं नव्हतं. झायलाझिनने रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, तो मानेतल्या नि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंना जाणवतो, ते मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस नर्व्हमधून हृदयाला सांगतो की बाबा सावकाश. म्हणून नाडी ५२. अशा वेळी कमी नाडी बघून घाईने अ‍ॅट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) मारलं तर हृदय आवळलेल्या नळ्यांवर जोराने धडका मारत बसतं, ते काही चांगलं नाही. मी आधी मारायचे. असो.

मग केटामिन, आणि मिनिटाभरात नाडी ५२ वरून ८४. केटामिन सिम्पथेटिक बाजू (धोक्याच्या वेळी शरीराला पळवणारे मज्जातंतू) जागी करतं, नाडी नि बीपी दोन्ही वर ढकलतं, म्हणून खेड्यापाड्यात मशीनबिशीन नसताना तेच जास्त चालतं.

रिफ्लेक्सची गंमत खरी इथे. कुत्रीचे डोळे सताड उघडे, बाहुली मधोमध, पापणीला हात लावला की फडफड. मालक दारातून डोकावून, "मॅडम जागी हाय की वो ती! बघतीया माज्याकडं!" पोटावर चाकू टेकवला तर हालचाल शून्य. केटामिनमध्ये मेंदूचे भाग एकमेकांपासून तुटतात, जाणीव वेगळी पडते, पण पापणी, गिळणं, जबड्याचा ताठरपणा हे चालूच राहतं. म्हणजे माझ्या चार्टातला "पापणी" हा रकाना केटामिनसाठी कुचकामी. तो रकाना मुळात ईथरच्या जमान्यातून आलाय, आर्थर गेडेल नावाच्या डॉक्टरने माणसांसाठी भुलेच्या पायऱ्या मांडल्या होत्या, डोळा असा फिरला की ही पायरी, श्वास असा झाला की ती. आपण त्या पायऱ्या शिकलो आणि सगळ्या औषधांना लावत सुटलो.

डोळ्यात मलम घातलं. उघडा डोळा अर्ध्या तासात वाळतो.

१७ जून

थायोपेंटोनचा दिवस. पिवळसर पावडर, बाटलीत पाणी सोडलं की लसणासारखा गंधकाचा वास सुटतो, मामांना तो आवडतो असं त्यांचं म्हणणं. ५०० मिलिग्रॅमला २० मिली पाणी म्हणजे अडीच टक्के. त्याहून दाट करायचं नाही, कारण हे द्रावण भयंकर अल्कलीवालं असतं आणि शिरेच्या बाहेर गेलं तर तिथलं कातडं चक्क सडून गळतं. मी सुई लावून थेट कधीच देत नाही, कॅथेटर (शिरेत ठेवायची बारीक नळी) टाकायचा, सलाईन सोडून बघायचं, मगच.

पेशंट लॅब्राडोर, नर, २८ किलो, पाठीवरची गाठ. आधी शांत करणारं इंजेक्शन, मग थायोपेंटोनचा निम्मा डोस पटकन, बाकीचा बघत बघत.

०वं मिनिट: नाडी ९६, सरासरी बीपी ९८, पापणी आहे, पाय ओढतो.
१लं मिनिट: श्वास थांबला. मोजले, २५ सेकंद. मग एक मोठा उसासा आणि सुरू.
३रं मिनिट: नाडी १४८, बीपी ७६, पापणी नाही, डोळा खाली नाकाकडे फिरून पांढरं दिसतंय, पाय ओढत नाही.
६वं मिनिट: नाडी १४०, बीपी ८१.

हे मात्र पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. थायोपेंटोनने रक्तवाहिन्या सैल पडल्या, हृदयाचा जोर थोडा कमी झाला, बीपी उतरलं, दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंनी बोंब मारली आणि हृदय पळायला लागलं. म्हणजे भूल चढली तरी रिफ्लेक्स जिवंत होता.

तिसऱ्या मिनिटाला आणखी एक झालं. नाडी "टक-टक... थांब... टक-टक... थांब" अशी जोडीजोडीने लागायला लागली. कुत्र्यात थायोपेंटोन दिल्यावर हे होतं, हृदयाच्या खालच्या कप्प्यातून मधेच एक जादा ठोका पडतो. ऑक्सिजन दिला, पाच-सहा मिनिटांत आपोआप गेलं. पण बोटाखाली ते पहिल्यांदा नीट ओळखू आलं तेव्हा माझ्या स्वतःच्या छातीत काय झालं ते या चार्टात नाही.

रात्री वाचत बसले होते. बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं ते जनावराचंच. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचा पाद्री, त्याने घोडीला आडवं बांधून तिच्या धमनीत नळी घातली नि तिला उंच काचेची नळी जोडली, रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ मध्ये छापलं त्याने. पाऱ्यात हिशोब केला तर १९० च्या आसपास येतं. बिनभुलीची, बांधलेली, घाबरलेली घोडी, तिचं बीपी तेवढंच असणार.

२४ जून

लाईट गेली. इन्व्हर्टर पाच मिनिटांत पिप पिप करून मेला, मशीनची बॅटरी सेकंडहँडच, तीही गेली. मांजराचं ऑपरेशन मोबाईलच्या टॉर्चवर. नाडी नि हिरडी एवढीच नोंद. भडंग खाऊन घरी.

१ जुलै

आजची नोंद मोठी होणार.

प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, मामा त्याला "दूध" म्हणतात, "मॅडम, दूध भरू का?" त्यात सोयाबीनचं तेल, अंड्यातलं लेसिथिन आणि ग्लिसरॉल असतं, म्हणून जंतूंना पण ते दुधासारखंच गोड लागतं. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची नाहीतर फेकायची. एका दुकानदाराने मला एकदा अर्धी बाटली देऊ केली होती, "कालचीच आहे, स्वस्तात घ्या." त्याच्याकडे परत गेले नाही.

या औषधाचा मला एक वेगळा अभिमान आहे. ते शोधणारा माणूस पशुवैद्य. स्कॉटलंडचे जॉन ग्लेन, मित्रमंडळी इयन म्हणतात, आयसीआय कंपनीत होते. १९७७ मध्ये माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा ते वेगळ्या तेलकट द्रव्यात विरघळवलेलं होतं, त्याची अ‍ॅलर्जी यायला लागली, मग सगळं उलगडून परत इमल्शन (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) बनवलं, १९८६ ला बाजारात आलं. २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार, वैद्यकीय संशोधनातला मोठा मान. आज मोठमोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट "शंभर, नव्याण्णव" असे उलटे आकडे मोजतात तेव्हा शिरेत जाणारं औषध एका ढोराच्या डॉक्टरने शोधलेलं असतं. आम्हाला कुणी "तुम्ही काय ढोरडॉक्टर" म्हणालं की मी हेच सांगते.

तर पेशंट, मे महिन्यातल्यासारखीच गावठी कुत्री, १४ किलो, पिशवी काढायचीय. डोस मिनिटभर घड्याळ बघत सावकाश दिला, भसकन दिलं की श्वास थांबतो.

०वं मिनिट: नाडी १०२, सरासरी बीपी ९२, पापणी आहे, पाय ओढते.
३रं: नाडी ९८, बीपी ६८, पापणी अगदी पुसट, जबडा सैल, पाय नाही.
६वं: नाडी ९६, बीपी ६१. हिरडी गुलाबी, दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंद.
९वं: थोडं वाढवलं, नाडी ९४, बीपी ५६. मामा ओरडले.

मी सुरी ठेवली आणि चार्टाकडेच बघत उभी राहिले. बीपी ९२ वरून ५६ म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खाली, आणि नाडी? १०२ वरून ९४. थायोपेंटोनवाला लॅब असता तर दीडशेवर गेला असता. हिची नाडी शांत, गोड, एकसारखी. मे महिन्यात मामांचं बोट हीच शांत नाडी मोजत होतं आणि मी गप्पा मारत होते.

प्रोपोफॉल दोन्हीकडून मारतं. नळ्या सैल करतं, म्हणून दाब पडतो. आणि दाब पडला हे ओळखून हृदयाला पळवणारा जो रिफ्लेक्स, त्यालाही गुंगी आणतं. चोर घरात शिरला आणि कुत्र्यालाही भाकरी टाकून झोपवलं, तसं. नाडी वाढली नाही याचा अर्थ सगळं ठीक असा घ्यायचाच नाही, नाडी वाढवणारं यंत्रच झोपलंय. आपण पायाचा रिफ्लेक्स, पापणीचा रिफ्लेक्स गेला का ते बघतो कारण तो जायला हवा असतो. हा तिसरा रिफ्लेक्स मानेच्या आत, त्याला कुणी चिमटा काढून बघत नाही, आणि तो राहायला हवा असतो.

काय केलं: पुढचा डोस थांबवला, सलाईन सोडलं, सहा मिनिटांत बीपी ६६. पापणी परत पुसट आली. मग ऑपरेशन सुरू. अंडाशयाचा दोर ओढल्यावर नाडी एकदम १३०, बीपी १०४, आणि पायाला चिमटा काढला तर पाय गप्प! म्हणजे झोप आहे पण दुखणं आत पोचतंय. प्रोपोफॉल झोपवतं, दुखणं मारत नाही. दोराजवळ लिग्नोकेन (तेवढीच जागा सुन्न करणारं औषध) सोडलं, दुसऱ्या बाजूला आधीच सोडलं, तिथे नाडी १०६ च्या वर गेली नाही. ही गोष्ट मला माहीत होती का? होती. करत होते का? घाई असेल तेव्हा नाही.

कुत्री २२ मिनिटांत मान उचलून बघायला लागली.

४ जुलै

सरांना चार्टाचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "अक्षर सुधार."

८ जुलै

जतचा कारवानी. दोन माणसं पहाटे निघून जीपमधून घेऊन आली, शर्यतीचं कुत्रं, तारेच्या कुंपणात अडकून मांडी फाटलेली, हातभर टाके. कारवानी म्हणजे बघायलाच देखणा, लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला टेकलेलं, कातडी इतकी पातळ की पुढच्या पायाची शीर सुतळीसारखी वर दिसते, कॅथेटर पहिल्या झटक्यात. २३ किलो आणि चरबी औषधालाही नाही.

इथे चरबीचा प्रश्न येतो. थायोपेंटोनने कुत्रं दहा-पंधरा मिनिटांत जागं होतं ते औषध संपलं म्हणून नव्हे, ते मेंदूतून निघून स्नायूत नि मग चरबीत जाऊन बसतं म्हणून. यकृत ते सावकाश फोडत राहतं. ग्रेहाऊंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांत चरबी कमी, शिवाय त्यांचं यकृत हे औषध फोडायला मंद, म्हणून ती तासन्‌तास झोपून राहतात, अडखळत उठतात, पाय मारतात. कारवानी त्याच ठेवणीचा, म्हणून माझ्याकडे कारवानीला थायोपेंटोन नाही. एका जुन्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांनी एका कारवानीला दिलं आणि मालक रात्रभर कंदील घेऊन शेजारी बसला होता.

म्हातारबा म्हणाले, "मॅडम, जित्राब उठंल न्हवं? लेकरावानी हाय."

"उठंल की आजोबा. पण घोंगडं आहे का गाडीत?"

"घोंगडं? त्ये कशापायी?"

चरबी नाही म्हणजे गारठतो लवकर, गारठला की उठायला उशीर, हृदयही मंद. आजोबांनी खांद्यावरचं घोंगडं काढून दिलं, लोकरीचा, मेंढराचा, बिडीचा असा सगळा वास त्याला. मी घोंगडं पाठीखाली आणि अर्धं वरून.

प्रोपोफॉल, नेहमीपेक्षा अजून सावकाश, कधी एक मिली, कधी अर्धा. सुरुवातीलाच नाडी ६८ होती, पळणाऱ्या कुत्र्याची आरामातली नाडी कमीच असते, बीपी १०८. भुलेत सगळ्यात खालचं बीपी ७४. जखमेभोवती लिग्नोकेन भरपूर (म्हणजे मोजून भरपूर). चाळीस मिनिटं काम. उठायला पाऊण तास लागला, गावठी कुत्रीच्या दुप्पट, पण शांत उठला, आधी कान, मग नाक, मग घोंगडं चाटायला लागला. आजोबा बाहेर बाकावर बसले होते, त्यांना कुणी बोलावलं नाही तरी ते त्याच क्षणी आत आले, कसं कळलं कुणास ठाऊक.

१५ जुलै

पगचा डोळा बाहेर आला होता, दुसऱ्या कुत्र्याशी भांडणात. चार दिवस घरीच ठेवला, मग आणला, डोळा वाचणार नव्हता, काढायचा ठरला.

नाडी ११०, बीपी ७८, भूल खोल, पापणी नाही (त्या बाजूला तशीही नव्हती), दुसऱ्या डोळ्याचं पांढरं दिसतंय, पाय गप्प. म्हणजे चार्टावर सगळे मज्जातंतू झोपलेले. डोळा चिमट्याने धरून पुढे ओढला आणि मामा म्हणाले "मॅडम ५४." मी म्हटलं काय ५४? "नाडी." सोडा! मीच स्वतःला म्हणाले, सोडा, सोडला. आठ-दहा सेकंदात ९०.

डोळ्याचा आणि हृदयाचा रिफ्लेक्स. १९०८ मध्ये अ‍ॅश्नर आणि डाग्निनी या दोघांनी वेगवेगळा नोंदवला. डोळा ओढला किंवा दाबला की चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हवाटे बातमी मेंदूत जाते आणि व्हेगसवाटे हृदयाला ब्रेक. पायाचा रिफ्लेक्स मणक्यातून फिरतो, हा मेंदूच्या बुडातून, एक झोपला म्हणून दुसरा झोपला असं नाही. डोळ्यामागे लिग्नोकेनचा ब्लॉक दिला, अ‍ॅट्रोपिन दिलं (इथे बरोबर होतं ते), पाच मिनिटं थांबले, परत ओढला, नाडी ११८ वर ठाम.

ब्लॉक आधी द्यायला हवा होता. लिहून ठेवतेय.

२३ जुलै

आज फक्त रवंथवाले. माडग्याळी मेंढी, पायात गळू. मेंढी, शेळी, गाय यांना शिरेतून पूर्ण भूल द्यायला मी फारशी जात नाही, आडवी पडली की पोट फुगतं, पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं, लाळ गळत राहते. नसेल गत्यंतर तर मान खाली उतरती. मेंढीला झायलाझिनही नको, फुफ्फुसात पाणी भरायचा धोका. पाय सुन्न करून काम झालं, मेंढी उभी राहून माझं अ‍ॅप्रन खात होती.

गुराला झायलाझिन घोड्याच्या मानाने दहावा हिस्सा पुरतं. आटपाडीकडून एकदा खिल्लार बैल आणला होता, कुणीतरी घोड्याच्या हिशोबाने दिलेलं, नाडी ३२, पोट टमटमीत. वाचला. त्या बैलाचा मालक अजून दिवाळीला फराळ पाठवतो.

२ ऑगस्ट

पाऊस थांबायला तयार नाही, कृष्णेचं पाणी चढतंय, सगळं गाव मोबाईलवर आयर्विन पुलाची पातळी बघतंय. २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी होतं ते एव्हाना कपाटं रिकामी करतात, कुणी सांगावं लागत नाही. आम्हीही मशीन माळ्यावर ठेवलं.

रिकाम्या वेळात चार्ट चाळले. एक चूक सापडली, चार पानांवर केटामिनच्या जनावरांपुढे मामांनी "पापणी आहे, भूल कमी" असं लिहिलंय आणि त्या भरवशावर मी दोनदा डोस वाढवलेला. म्हणजे ९ जूनला मी शहाणपणा लिहिला आणि २८ जूनला परत तीच चूक. आता चार्टच वेगळे केले. केटामिनच्या कागदावर पापणीचा रकाना काढून टाकला, त्याजागी "कापल्यावर नाडी, श्वास वाढला का, पाय ताठ झाले का". प्रोपोफॉलच्या कागदावर बीपीचा रकाना पहिला, लाल पेनाने, नाडी त्याच्यानंतर. मामा म्हणाले, "मग मी नाडी बघू का नको?" बघा हो मामा, बघा, पण मशीनकडे बघून मग मला सांगा.

१० ऑगस्ट

पाणी उतरलं. पहिलीच केस जड, नऊ वर्षांची जर्मन शेफर्ड, गर्भाशयात पू, तीन दिवस खाणं नाही, हिरडी विटकरी, ताप. अशा जनावराच्या नळ्या विषाने आधीच सैल पडलेल्या, त्यावर प्रोपोफॉल म्हणजे उतारावर धक्का. भुलेआधीचं सरासरी बीपी ६४, नाडी १५६. मे महिन्यापूर्वीची मी असते तर "नाडी जोरात आहे, चला" म्हटलं असतं.

दोन तास नुसतं सलाईन आणि अँटिबायोटिक. घरचे बाहेर अस्वस्थ, मुलगी तीनदा आत येऊन गेली, "ताई, अजून सुरूच नाही केलं?" तिला टेबलाजवळ बोलावून आकडा दाखवला, हा ८० च्या वर गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. ती तिथेच स्टूल ओढून बसली आणि मशीन दर वेळी फुगलं की माझ्याआधी वाचायला लागली, ६७, ७१, ७०, ७७.

८२ ला सुरू केलं. प्रोपोफॉल नेहमीच्या निम्म्याहून कमी, अर्धा अर्धा मिली, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबून, कारण आजारी हृदय रक्त सावकाश फिरवतं, औषध मेंदूत पोचायला उशीर लागतो, आणि "लागलं नाही अजून" म्हणून माणूस घाईने आणखी देतो. पापणी पुसट झाली तिथेच थांबले, पूर्ण जायची वाट बघितली नाही. पोटाच्या कातडीत लिग्नोकेन, दोरांजवळ लिग्नोकेन. सगळ्यात खालचं बीपी ६२, पिशवी बाहेर येताना. दोन किलो भरली ती पिशवी.

मामांनी दर तीन मिनिटांनी आकडे लिहिले, एकही रकाना रिकामा नाही, अक्षर माझ्यापेक्षा बरं. पस्तीस मिनिटांनी पापणी, चाळीसला जबडा, मग ती गिळली तेव्हा घशातली नळी काढली.

संध्याकाळी सातला मुलगी डब्यात भात-दही घेऊन आली. अजून खायला द्यायचं नाही म्हटलं तर डबा मामांनी खाल्ला. त्यांनी टेप गळ्यात घातलेलीच होती, बाहेर बाकावर एक दोन महिन्यांचं पिल्लू कुणीतरी खरजेसाठी आणलं होतं, त्याच्या पायाचा घेर मोजत बसले. कशाला मोजताय मामा, त्याला फक्त औषध लावायचंय.

"असू दे, मॅडम. साडेसात सेंटिमीटर. लिहा."